नानांचे अकरा गोल

प्रिय रेवा आणि ओंकार,

डिसेंबरात तुम्ही दोघं सिंगापूरला येणार, तिकिटं निघाली, असं तुमच्या बाबाने कळवलं. फार बरं झालं. सामानाची यादी मी वेगळी पाठवीन. तिची पहिली ओळ अशी असेल की टोरोंटोचे कोट टोरोंटोतच ठेवा. हे पत्र मात्र दुसऱ्या कारणासाठी आहे. आल्यानंतरच्या पहिल्याच रविवारी नानाआजोबा तुम्हांला ईस्ट कोस्टला समुद्रावर फिरायला नेतील आणि त्यांच्या कॉलेजच्या फुटबॉल टीमची हकीकत सांगतील. पुढे कधीतरी तुमच्या हाती माझी वही लागेल, आणि दोन्हींतले गोल जुळणार नाहीत. रेवा, तू माझ्यावर गेली आहेस. चूक दिसली की तुला राहवत नाही. म्हणून आधीच लिहून ठेवते. क्रमाने सांगते, आणि मराठीत सांगते, कारण नाना इंग्रजीत नीट बसत नाहीत. अडलं तर बाबाला विचारा.

नाना म्हणजे तुमच्या आजोबांचे धाकटे भाऊ, माझे दीर. वय सत्त्याऐंशी. उंची पाच फूट चार इंच, आणि त्यातला शेवटचा इंच त्यांनी स्वतः जाहीर केलेला. जहाजावर चीफ इंजिनिअर होते. इथल्या बंदरातून वीस वर्षं ये-जा केली आणि निवृत्त झाल्यावर इथेच राहिले. मुलगा अजित आणि सून शलाका यांच्याबरोबर ते ईस्ट कोस्टला कॉन्डोत राहतात, मी तुमच्या काकाकडे सेंगकांगला. दर रविवारी सकाळी मी एलआरटी, मग एमआरटी, मग बस अशी वाहनं बदलत त्यांच्याकडे जाते आणि आम्ही दोघं समुद्राकाठी चालतो.

चालतो असं मी म्हणते. नाना सामना खेळतात.

कॉन्डोच्या फाटकाशी ते खिशातून एक डॉलरचं नाणं काढून टॉस करतात. जिंकणाऱ्याने दिशा निवडायची: वारा पाठीवर घ्यायचा की तोंडावर. मी गेले नाही तर ते स्वतःशीच टॉस करतात, आणि पुष्कळदा हरतात. मग शिट्टी. मग एका दिशेने पंचवीस मिनिटं. पूर्वी पस्तीस होती. पंच्याऐंशी पूर्ण झाल्यावर त्यांनी ती कमी केली आणि या निर्णयाविरुद्ध स्वतःच महिनाभर कुरकुर केली. पंचवीस मिनिटं झाली की हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्यापिण्याच्या स्टॉलांच्या मंडपात, दहा मिनिटं हाफटाइम. हाफटाइमला ते काही पीत नाहीत. लिंबाच्या चार फोडी चोखतात. त्या काळी टीमला तेवढंच मिळत असे. पेयांच्या स्टॉलवरच्या चिनी बाई पहिल्यांदा फार गोंधळल्या होत्या. "अंकल, ओन्ली लाइम आह? ड्रिंक डोन्ट वॉन्ट?" असं त्यांनी तीनदा विचारलं. आता नाना लांबून दिसले की त्या सुरी हातात घेतात.

लिंबू संपलं की नाना बूट काढतात, दोन्ही नाड्यांची गाठ मारून ते गळ्यात अडकवतात आणि दुसरा हाफ अनवाणी चालतात. सायकलवरची मुलं वळून बघतात. कुणी काळजीने विचारलं तर नाना सांगतात, "सेकंड हाफ."

शिट्टीवरून एकदा कॉन्डोच्या कमिटीचं पत्र आलं. सामायिक जागेत कोणी शिट्टी वाजवू नये, रहिवाशांची तक्रार आहे, वगैरे. नानांनी ते फाइल केलं आणि जहाजाच्या भाषेत उत्तर दिलं की सूचना मिळाली, नोंद घेतली, यापुढे शिट्टी फाटकाच्या बाहेर एक मीटरवरून वाजवली जाईल. तशी ती वाजते. वॉचमन त्यांना मीटर दाखवतो.

घरातही त्यांचं मैदानच असतं. लिफ्टमधली माणसं बाहेर पडायच्या आत कोणी आत घुसलं की नाना म्हणणार, "ऑफसाइड." सगळे बसायच्या आधी अजितने पहिला घास घेतला, ऑफसाइड. प्रत्येकाची जागाही ठरलेली आहे. शलाका सेंटर-हाफ, कारण ती खाली बसली तर सगळं घर बसतं. अजितचं ऑफिस तांजोंग पगारला. तो रात्री आठला घरी येतो, म्हणून तो राइट-आउट: लाइनीला चिकटून उभा, बॉल मिळाला तर मिळाला. मी गोलकीपर. "वहिनींच्या हातून काही सुटत नाही," असं ते पाहुण्यांना सांगतात, आणि ही स्तुती आहे की नाही हे मला इतक्या वर्षांत ठरवता आलेलं नाही. अवघड प्रश्न आला की त्यांचं एकच उत्तर: "हाफटाइमला बोलू."

आता हंगाम. लढाई संपून वर्ष झालं होतं, स्वातंत्र्य अजून यायचं होतं. नाना एकोणीस वर्षांचे, पुण्यात कॉलेजला. कॉलेजचं नाव ते घेत नाहीत. जुन्या बायका नवऱ्याचं नाव घेत नसत, त्याच चालीवर नुसतं "आमचं कॉलेज" म्हणतात. त्या पावसाळ्यात आमच्या कॉलेजची टीम नऊ सामने खेळली. तेव्हा टीममध्ये पाच जण पुढे खेळत. नाना लेफ्ट-इन होते आणि त्यांच्या डाव्या हाताला, अगदी लाइनीजवळ, लेफ्ट-आउटला त्यांचा जिवलग मित्र दत्ता सोमण. बदली खेळाडू ही गोष्टच नव्हती. कोणी जायबंदी झाला की उरलेल्या दहा जणांनी खेळायचं.

सगळ्यांत प्रसिद्ध सामना खडकीचा. समोर गोऱ्या सोल्जरांची टीम. लष्कराने लढाईनंतर जुने बूट विकायला काढले होते, त्यातले अकरा जोड कॉलेजने मोठ्या हौसेने घेतले. सगळे नऊ आणि दहा नंबरचे. नानांचा पाय पाच नंबरचा. त्यांनी पुढच्या भागात वर्तमानपत्रं कोंबली. पाऊस पडला, कागदाचा लगदा झाला, आणि हाफटाइमपर्यंत आमचं कॉलेज दोन गोलांनी मागे होतं. मग लिंबू चोखता चोखता नानांनी बूट काढून गळ्यात अडकवले. बाकीच्या दहांनीही काढले. नाना म्हणतात, सामना तिथून सुरू झाला. तीन-दोनने जिंकले. त्यांतले दोन गोल नानांचे.

उपांत्य सामन्यात मात्र हरले. शेवटचं मिनिट, एका गोलाने मागे, बॉल नानांच्या पायात. त्यांनी तो मारला, वाऱ्याने तो बारवरून नेला आणि मैदानाच्या कडेच्या निवडुंगात टाकला. बॉल फुटला. युद्धानंतरची टंचाई, दुसरा बॉल नव्हता. पंचांनी निवडुंगाकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं आणि सामना संपवला. कागदाच्याच टंचाईमुळे त्या वर्षीचं कॉलेजचं मासिकही निघालं नाही. म्हणजे या हंगामाची कुठेही नोंद नाही. तो फक्त अकरा डोक्यांत होता.

अशा गोष्टी नाना चालताना सांगत, रविवारी एक सामना याप्रमाणे. नऊ रविवार झाले की पुन्हा पहिल्यापासून. नात तन्वी एकदा बरोबर होती. ती म्हणाली, "आजोबा, धिस वन ऑलरेडी टोल्ड, लाह." नाना म्हणाले, "ऑफसाइड," आणि पुढे सांगत राहिले.

तीन वर्षांपूर्वी एका हाफटाइमला त्यांनी लिंबाला हात लावला नाही. मग म्हणाले की अकरांतले नऊ गेले. उरले ते आणि पुण्यातला दत्ता, आणि दत्ता विसरायला लागला आहे. मुलगी सुनंदा त्याला सांभाळते. तिचाच फोन आला होता. "वहिनी, तुमचं अक्षर चांगलं," ते म्हणाले. "हंगाम लिहून काढा. उद्या मी चुकलो तर मला चूक म्हणणारं कोणी राहायचं नाही."

तुम्हांला माहीत आहे, मी अडतीस वर्षं मुलांच्या वह्या तपासल्या. असं काम माझ्याकडे यावं आणि मी ते नीट करू नये, हे शक्य नव्हतं. दोनशे पानी वही घेतली. प्रत्येक सामन्याला दोन पानं: मैदान, हवा, समोरची टीम, आमचे अकरा कोण कुठे, गोल कोणी आणि कसे केले. नाना सांगत, मी विचारत, घरी येऊन पक्कं लिहीत असे. शेवटच्या पानावर गोलांचा तक्ता केला. नानांच्या नावापुढे अकरा. दत्ता सोमणच्या नावापुढे शून्य. मी विचारलं होतं की लेफ्ट-आउट असून अख्ख्या हंगामात एकही नाही, हे कसं. नाना म्हणाले, "हाफटाइमला बोलू," आणि मी तिथे प्रश्नचिन्ह काढून ठेवलं.

या वर्षाच्या सुरुवातीला नाना म्हणाले की वहीची एक प्रत पुण्याला पाठवायची आहे. मी म्हटलं, आधी पडताळणी करू. मी एकेक सामना वाचणार, त्यांनी मान डोलवायची, असं ठरलं. पहिला सामना ठीक. दुसरा ठीक. तिसऱ्याला ते म्हणाले की इथे चूक आहे, हा गोल माझा नव्हे, दत्ताचा. मी खोडलं. चौथ्यालाही तेच. खडकीच्या सामन्यात तर दोन्ही गोल दत्ताचे निघाले. मी जुनी ओळ वाचून दाखवली: नानांनी सेंटर-हाफकडून बॉल घेतला, दोघांना चकवलं, डाव्या कोपऱ्यात मारला. हे तुमचेच शब्द, मी म्हटलं. नाना समुद्राकडे बघत म्हणाले, "त्या वेळी माझी चूक झाली असेल. दुरुस्त करा."

मी दुरुस्त केलं नाही. मी वही मिटली आणि घाबरले.

ज्या माणसाने साठ-सत्तर वर्षं दोन गोलांच्या फुशारक्या मारल्या तो एका सकाळी ते दुसऱ्याला देऊन टाकतो, याचा अर्थ मला एकच दिसला. दत्ताचं जे झालं तेच आता नानांचं होत होतं. मी परतीच्या हाफमध्ये त्यांना नकळत तपासत होते. काल काय जेवलात, किल्ली कुठे ठेवली. त्यांनी सगळी उत्तरं बरोबर दिली, त्यामुळे मी आणखीच घाबरले, कारण असं सुरुवातीला कळत नाही म्हणतात. घरी येऊन मी शलाकाला स्वयंपाकघरात बाजूला घेतलं. ती आधी हसली, मग तिने गॅस बंद केला आणि खाली बसली. तिने सोमवारीच डॉक्टरांची वेळ घेतली. नानांना सांगितलं की वार्षिक तपासणी आहे.

डॉक्टर तरुण मुलगी होती. तिने तीन शब्द सांगितले, पाच मिनिटांनी विचारले. नानांनी तिन्ही सांगितले आणि तिच्या टेबलावरच्या फोटोफ्रेमवरून तिला मुलं किती हेही सांगितलं. पंतप्रधान कोण, असं विचारल्यावर त्यांनी विचारलं की कुठले, दोन्ही सांगू का. शंभरातून सात वजा करत खाली या, म्हटल्यावर ते दोनपर्यंत आले आणि पुढे उणेत जाऊ का म्हणाले. घड्याळ काढायला सांगितलं तर सेकंदकाट्यासकट काढलं. डॉक्टरने लिहून दिलं की स्मरणशक्ती वयाच्या मानाने उत्तम. नानांना 'वयाच्या मानाने' हे शब्द लागले. गाडीत ते दोनदा म्हणाले की ते शब्द काढून टाकायला सांगितले पाहिजेत.

शलाका सुटली. मी नाही सुटले. विसरले नसतील तर नाना खोटं बोलत होते, आणि तेही माझ्या वहीत.

पुढच्या रविवारी टॉस त्यांनी जिंकला. हॉकर सेंटरमध्ये लिंबाच्या फोडी आल्या तशी मी वही टेबलावर ठेवली आणि सरळ विचारलं की भाऊजी, विसरला नाहीत, हे डॉक्टरने सांगितलं. मग हे खोटं कशासाठी. नाना म्हणाले, "हाफटाइमला बोलू." मी म्हटलं, आपण हाफटाइमलाच बसलो आहोत. त्यांनी इकडेतिकडे बघितलं. सुटकेची वाट नव्हती. मग लिंबाची फोड खाली ठेवून म्हणाले, "साडेअकराला माझ्या खोलीत या. आवाज करायचा नाही."

साडेअकरा म्हणजे भारतात नऊ. दर रविवारी त्या वेळी नाना टॅब्लेटवर दत्ताशी बोलतात, हे मला माहीत होतं. दार लावून बोलत. प्रेक्षक नकोत, म्हणायचे. त्या दिवशी मी पलंगाच्या कडेला, कॅमेऱ्यात दिसणार नाही अशी बसले. नानांनी शर्ट बदलला होता, केस विंचरले होते.

पडद्यावर सुनंदा दिसली, मग तिने दत्ताभाऊंना खुर्चीत नीट बसवलं. गोरे, पातळ झालेले, गळ्याला मफलर. त्यांनी नानांकडे पाहून हात जोडले.

"नमस्कार. आपण कोण?"

"मी नारायण. सिंगापूरहून बोलतोय."

"अच्छा, अच्छा. तिकडे हवा कशी?"

"उकडतं फार."

दवाखान्यात शेजारी बसलेली दोन अनोळखी माणसं बोलतात तसं पाच-सात मिनिटं चाललं. दत्ताभाऊ सगळं 'आपण', 'तुम्ही' करून बोलत होते. चांगल्या घरचा माणूस, विनय सुटलेला नव्हता. मग नानांनी खुर्ची पुढे ओढली आणि खडकीचा सामना सांगायला घेतला. पाऊस, बूट, वर्तमानपत्रांचा लगदा. दत्ताभाऊ ऐकत होते, पण दुसऱ्या कोणाचं तरी ऐकावं तसं.

"सेकंड हाफ," नाना म्हणाले. "बूट काढलेले. बॉल माझ्याकडे आला. तू डावीकडे लाइनीवर. मी तुझ्याकडे दिला. तू एकाला चकवलंस. दुसऱ्याला चकवलंस." आणि ते थांबले.

दत्ताभाऊंची बोटं खुर्चीच्या हातावर हलली.

"डाव्या पायाने," ते म्हणाले.

"डाव्या पायाने."

"गोलकीपर सार्जंट होता. लाल मिशीचा. चिखलात बसला तो." दत्ताभाऊ पुढे वाकले, इतके की पडद्यावर नुसतं कपाळ दिसायला लागलं. "नाऱ्या, पास उशिरा दिलास. मी केव्हाचा हात वर करून उभा होतो."

"उशीर झाला खरा."

"नेहमीचंच आहे तुझं. पायातला बॉल सोडवत नाही तुला."

"चुकलं, दत्ता."

"चुकलं म्हणतोय," दत्ताभाऊ मागे वळून सुनंदाला म्हणाले. "हा नाऱ्या. चुकलं म्हणतोय. ऐकून ठेव."

त्यानंतरची बारा मिनिटं त्यांनी नानांना यथेच्छ झापलं. नानांची खेळण्याची पद्धत, नानांचे पाय, खानावळीत नाना दुसऱ्याच्या ताटातली पोळी उचलत असत ते, सगळं निघालं. नाना खाली मान घालून ऐकत होते आणि त्यांचा चेहरा लग्नात मुंडावळ्या बांधलेल्या माणसासारखा झाला होता. मग दत्ताभाऊ दमले, पुन्हा हात जोडून 'आपल्याला भेटून आनंद झाला' म्हणाले, आणि सुनंदाने फोन बंद केला.

मी पहिला प्रश्न मिशीचा विचारला. माझ्या वहीत मिशी नव्हती.

"मिशी खरी," नाना म्हणाले. "मीच विसरलो होतो. त्याला आठवली."

मग त्यांनी सांगितलं. आधी ते हंगाम खराखुरा सांगत असत. दत्ता म्हणे, वा, छान खेळत होता तुम्ही. गेल्या वर्षी एका रविवारी सांगता सांगता जीभ घसरली आणि 'मी मारला'ऐवजी 'तू मारलास' असं तोंडातून गेलं. दत्ता एकदम त्यांच्याकडे बघून म्हणाला, नाऱ्या, तू तिकडे काय करतोयस? तेव्हापासून हे सुरू झालं. एक गोल महिना-दीड महिना पुरतो. मग त्याचा गुण जातो, तोच गोल सांगितला तरी दत्ता नमस्कारावरच राहतो. मग दुसरा काढावा लागतो.

"मला नाऱ्या म्हणणारं आता दुसरं कोणी नाही, वहिनी. तुम्ही भाऊजी म्हणता, अजित बाबा म्हणतो, इथले सगळे अंकल."

मी म्हटलं, ते फोनवर ठीक आहे. वहीत कशाला? वहीत तरी खरं असू दे.

नानांनी टॅब्लेट चार्जिंगला लावला. पाठमोरेच म्हणाले, "मी आधी गेलो, तर सुनंदाने त्याला काय वाचून दाखवायचं? माझे गोल?"

मग माझ्या तक्त्यातल्या प्रश्नचिन्हाचं उत्तर त्यांनी न विचारता दिलं. दत्ताच्या नावापुढे शून्य होतं, कारण नानांनी त्याला बॉल कधी दिलाच नाही. अकरांतले निदान सहा तो सहज मारता, इतका मोकळा उभा असायचा. उपांत्य सामन्याच्या शेवटच्या मिनिटालाही तो गोलासमोर एकटा होता, हात वर करून. नानांनी बॉल स्वतः मारला. वारा वगैरे काही नव्हतं. आणि त्या दिवशी मैदानावरून खोलीवर जाताना दत्ता एक शब्द बोलला नाही, नुसता नानांच्या तळपायातले निवडुंगाचे काटे काढत बसला, कारण फुटलेला बॉल आणायला नाना अनवाणीच आत शिरले होते. पुढेही त्याबद्दल कधी बोलला नाही. "आता बोलतो," नाना म्हणाले. "दर रविवारी बोलतो."

मुलांनो, मी जन्मात कधी चुकीची नोंद केली नव्हती. त्या आठवड्यात केली. नवी वही आणली, सुनंदाला चष्म्याशिवाय वाचता येईल एवढं मोठं अक्षर काढलं आणि हंगाम पुन्हा लिहिला. काम सोपं झालं नाही, कारण नाना अजूनही नानाच आहेत. कुठला गोल कधी द्यायचा यावर ते दर रविवारी हुज्जत घालतात. कोल्हापूरच्या टीमविरुद्धचा गोल मागितला तर म्हणाले की तो नाही, तो फार सुंदर होता, तो सगळ्यांत शेवटी. दिलेल्या गोलांतही ते स्वतःचा पास घुसडतात, आणि दिवसेंदिवस तो पास अधिक अचूक होत चालला आहे. मी एकदा टोकलं, तर मला ऑफसाइड दिला.

पहिली वही माझ्या कपाटात, वरच्या खणात आहे. तिच्यात जसं घडलं तसं आहे, लाल मिशी समासात वाढवली आहे आणि उपांत्य सामन्यातला वारा खोडला आहे. ती तुम्हां दोघांसाठी. दुसरी वही पुण्याला सुनंदाकडे आहे, आणि नवा गोल दिला की मी तिला फोनवर ती ओळ सांगते. नाना आणि दत्ताभाऊ दोघेही आहेत, रविवारचा फोन चालू आहे. आजपर्यंत सात गोल देऊन झाले, आणि समुद्रावर चालतानाही नाना ते आता दत्ताचेच म्हणून सांगतात. चार शिल्लक आहेत.